शैक्षणिक पात्रता

पत्र बुधवारी आलं, जिल्ह्याच्या टपालातून,
रिकाम्या ट्यूबांच्या खोक्यावर कुणीतरी ठेवलेलं:
संशोधनात रुग्णांचा सहभाग, तीन दिवसांचं प्रशिक्षण,
पुण्यात, एसटीचं भाडं मिळेल,
जागा दोन. अर्ज शुक्रवारी पाचच्या आत.

विटा, ग्रामीण रुग्णालय, खोली नऊ.
दारावरची पाटी आम्हीच एकदा उलटी टांगली,
माणसांना आत शिरणं सोपं जावं म्हणून.
मी इथं समुपदेशक, तेरा वर्षं कंत्राटी.
एक नाव माझं लिहिलं.
दुसरं लिहिताना पेन अडलं नाही:
बायडाक्का हसबे.
"गाव नगं टाकू," ती म्हणाली,
"नुस्तं तालुका खानापूर."

शैक्षणिक पात्रता?
"सातवी नापास.
आन् एकोणीस वरसं गोळ्या, एक दिस न चुकवता.
त्याला रकाना हाय का बघ."
नव्हता.

तिचा नवरा गलाईला होता, कोइमतूरला.
तेजाबानं बोटं पिवळी, कमरेला दुकानाची चावी,
आणि शेवटच्या खेपेला
अंगावरचा सदरा कुणा थोरल्या माणसाचा वाटावा असा.
तिची तपासणी झाली त्या दिवशी
ती मला एवढंच म्हणाली होती,
"म्हशीची धार राहिलीया."

पुण्याचा हॉल थंडगार. तिनं पदर दोनदा गुंडाळला.
पडद्यावर पेशींची चित्रं, लिंबाएवढी.
सर सांगत होते, औषधानं विषाणू रक्तात दिसेनासा होतो,
दिसत नाही तोवर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागत नाही,
पण काही पेशींत झोपून राहतो,
गोळी थांबली की उठतो.
त्या झोपलेल्याला हुडकायचं,
जगभर सध्या हेच चाललंय.

बायडाक्कानं हात वर केला.
"साहेब, आमच्यात दुकानाचा केर टाकत न्हाईत.
वरीसभर साठवत्यात. झाडू, पायपुसणं,
भट्टीची राख, बसायची गोणपाटं सुदिक जाळत्यात.
मग धुवायचं, आटवायचं,
त्यातनं गुंजभर सोनं निघतं.
डोळ्याला दिसत नव्हतं म्हंजे नव्हतं असं न्हाई.
तुमी केर कुठला धुताय?"

सरांनी मार्करचं टोपण लावलं.
"गाठींमधला," ते म्हणाले, "आतड्यातला.
अजून नीट धुता येत नाही."
"मग शिकतायसा म्हणा की," ती म्हणाली,
आणि हॉल पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या दिवशी संमतीपत्र, बारा पानी.
मी वाचत गेले, ती ऐकत गेली.
"न्हाई म्हणलं तरी गोळ्या बंद व्हनार न्हाईत,
हे कुठं लिवलंय?"
अकराव्या पानावर होतं.
"ते पयल्या पानावर आना. आमी तितनंच उठून जातो."
कुणीतरी टिपून घेतलं.
आणलं का, ते अजून कळलेलं नाही.

मग दोन महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनची बातमी.
रोजची गोळी नको, डबीचा खुळखुळाट नको,
सुनेपासून पिठाच्या डब्यात लपवणं नको.
"विट्याला कवा येनार?"
चहा त्या दिवशी दहा मिनिटं लवकर आला.

परतीला कराडपर्यंत ती झोपली.
कराडला गाडी बदलताना पिशवीतून प्रमाणपत्र काढलं,
सोनेरी कडा, खाली तीन सह्या.
"घरात कुठं लावू? व्याही येत्यात.
तुझ्या खोलीत लाव. कॅलेंडरच्या मागं.
म्हैना बदलताना तुला तरी दिसंल."

लावलंय. चिकटपट्टी आता पिवळी पडलीय.
मंगळवारी गुंटूरहून परतलेला एक पोरगा येतो, तेवीसचा,
खुर्चीच्या टोकावर बसतो.
ती त्याला केराची गोष्ट सांगते,
तो बोटांची नखं बघत राहतो,
मग विचारतो, लग्न करता येतंय का.
ती त्याला चहा सांगते, अर्धा, आणि खुर्ची जवळ ओढते.

आज एक तारीख. पान उलटलं.
टपालात नवं पत्र आहे:
नागपूर, पाच दिवस, जागा एक.
शुक्रवारच्या आत.